शनिवारच्या गोष्टींच्या तासाबद्दल वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
तालुका वाचनालय.

विषय : बालविभागातील गोष्टींचा तास स्थगित करण्याच्या निर्णयाबाबत.

सप्रेम नमस्कार,

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयाच्या सूचना फलकावर चार ओळींचा एक कागद लागला. बालविभागाची खोली अभ्यासिकेच्या विस्तारासाठी घेण्यात येत असून, दर शनिवारी दुपारी तेथे भरणारा लहान मुलांचा गोष्टींचा तास पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहे, असे त्यावर लिहिले होते. खाली कार्यवाहांची सही आणि वाचनालयाचा शिक्का होता. ठरावाचा क्रमांक नव्हता, सभेची तारीख नव्हती आणि कारण म्हणून ‘जागेची अडचण’ एवढेच नमूद केलेले होते. मी कार्यवाहांना भेटले, सभासद या नात्याने लेखी अर्ज दिला, त्याची पोचही घेतली. अर्जाला उत्तर आले नाही. नोकरीच्या काळात स्थगित झालेली पुष्कळ कामे मी पाहिली आहेत आणि त्यांतले एकही आपणहून पुन्हा सुरू झाल्याचे मला आठवत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या मुलांचा तास बंद झाला त्यांच्या घरच्यांना, आणि वर्गणी भरणाऱ्या इतर सभासदांनाही, काय बंद झाले आहे हे नीट कळले पाहिजे असे मला वाटते.

मी या वाचनालयाची आजीव सभासद आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काम करून निवृत्त झाले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्येच माझे कामाचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर आपल्या ग्रंथपालांच्या आग्रहावरून मी, डी. एड. झालेल्या दोन तरुण मुली आणि एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक असे आम्ही मिळून हा तास चालवत आलो. वाहकांचा आवाज खणखणीत असल्यामुळे वाघाचे काम त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी करायचे नाही, असे मुलांनीच परस्पर ठरवून टाकले आहे. या कामाचे मानधन आम्ही कधी घेतले नाही आणि मागणारही नाही. म्हणजे या तासासाठी वाचनालयाला खर्च होता तो एका खोलीचा, एका सतरंजीचा आणि तासभर चालणाऱ्या दोन पंख्यांचा.

मंडळातील बहुतेक सदस्यांनी हा तास प्रत्यक्ष पाहिलेला नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. सूचनेत त्याचा उल्लेख ‘मनोरंजनपर उपक्रम’ असा झाला आहे तो बहुधा त्यामुळेच. म्हणून तेथे काय घडते ते थोडे विस्ताराने सांगते.

चारच्या सुमारास मुले यायला लागतात. कोणी आईच्या कडेवर, कोणी आजोबांचे बोट धरून, कोणी मोठ्या बहिणीबरोबर. सगळी जमेपर्यंत हाताची गाणी चालतात. ‘आपडी थापडी’ला शेजारच्याच्या हातावर टाळी पडते, ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणताना आईचे बोट मुलाच्या तळहातावर फिरते. वर्षा-सव्वा वर्षाची मुले बोलत नाहीत, पण आपला तळहात पुढे करून वाट पाहतात. ओळ कुठे संपणार हे त्यांना ठाऊक झालेले असते. नंतर चित्रांचे पुस्तक. ते मुलांकडे तोंड करून, छातीपाशी जरा तिरके धरायचे, पान उलटण्याची घाई करायची नाही, आणि चित्रात जे दिसते ते आपण सांगण्याआधी मुलांना सांगू द्यायचे, एवढे नियम आम्ही स्वतःला घालून घेतले आहेत. त्यानंतर ज्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते अशी एखादी गोष्ट तोंडी सांगायची, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटे पुस्तके मुलांच्या हातात द्यायची. ती उलटी धरली तरी चालतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचे महत्त्व हौसेपुरते नाही. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. म्हातारीला रानात एकेक जनावर भेटते आणि प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. पहिल्यांदा मुले ऐकतात, दुसऱ्यांदा ओठ हलतात, तिसऱ्यांदा आम्ही मुद्दाम गप्प बसतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवर कामाला आलेल्या कुटुंबातली एक चार वर्षांची मुलगी कित्येक शनिवार दाराच्या चौकटीला टेकून बसायची. नाव विचारले तरी बोलायची नाही. एका शनिवारी आम्ही असेच थांबलो असताना तिनेच वाघाचा प्रश्न विचारला, तोही तिच्या घरच्या अहिराणीत : ‘कोठे चालनी?’ सगळी खोली हसली, तीही हसली, आणि पुढे सरकून सतरंजीवर आली. तेव्हापासून आमच्या गोष्टीतला वाघ अहिराणी बोलतो. ही मुलगी येत्या दोन वर्षांत पहिलीच्या वर्गात बसेल. प्रमाण मराठीत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाशी तिची पहिली ओळख धाकातून व्हावी की ओळखीच्या गोष्टीतून व्हावी, हे त्या खोलीत ठरत होते.

दुसरे उदाहरण एका आजोबांचे. ते बाजार समितीत हमाली करतात आणि त्यांना लिहिता-वाचता येत नाही, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकले होते. नातवाला सोडून बाहेर ओट्यावर बसायचे. ग्रंथपालांनी एकदा त्यांच्या हातात केवळ चित्रांचे, मजकूर नसलेले पुस्तक ठेवले. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट पाहिले आणि मग नातवाला मांडीवर घेऊन त्यातल्या बैलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बैलाला नाव दिले, शेताला बांध घातला, मधल्या एका पानावर पाऊस नव्हता तो स्वतःहून पाडला. त्या नातवाच्या दृष्टीने त्याचे आजोबा पुस्तक वाचत होते, आणि माझ्या मते नातवाचे बरोबर होते. ज्या घरात पुस्तक नाही आणि वाचणारे माणूसही नाही, अशा घराला वाचनालयाचा याहून मोठा उपयोग मला तरी सुचत नाही.

यामागे अभ्यासाचा आधार आहे. 1983 मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी दाखवून दिले की शाळेत जाण्याआधी ज्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज, यमके ओळखता येतात त्यांना पुढे वाचणे सोपे जाते. बडबडगीत म्हणजे या ओळखीचाच सराव. आपल्याकडे पहिलीत बाराखडीचा तक्ता भिंतीवर लागतो, मुले तो घोकतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत तक्त्यावरची ‘का’ आणि कावळ्यातली ‘का’ यांची गाठ महिनोन्‌महिने पडत नाही. ज्या मुलाने कावळ्या-चिमणीच्या ओळी शंभरदा टाळ्या वाजवत म्हटल्या आहेत, त्याचा कान आधी तयार झालेला असतो. अक्षर मागाहून येऊन त्या आवाजावर बसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना गाणी, गोष्टी आणि खेळ यांनाच बालशिक्षणाचा पाया मानले होते. त्यांच्या कामातून पुढे आलेल्या अंगणवाडीतच मी नोकरी केली, म्हणून हे अधिकाराने लिहिते.

आता तक्रारींकडे वळते.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीची आहे. सभासदांच्या वापरातला एक संपूर्ण विभाग बंद करण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत तो झाला असेल, तर त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मी मागितली होती. ती मिळाली नाही. ग्रंथपालांनाही सूचना टंकलिखित करायला सांगितले तेव्हाच निर्णय कळला. जे कर्मचारी आणि स्वयंसेवक हे काम करतात त्यांना एका शब्दाने विचारलेही जाऊ नये, हे आपल्यासारख्या जुन्या संस्थेला शोभणारे नाही.

दुसरी तक्रार कारणाची आहे, आणि येथे मला जपून लिहायचे आहे. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी जी मुले-मुली आपल्याकडे बसतात त्यांतली अनेक खेड्यांवरून येतात, घरी अभ्यासाला कोपरा नसतो, आणि वाचनालयाची खुर्ची हाच त्यांचा आधार असतो. त्यांच्या खुर्च्या वाढल्याच पाहिजेत. पण ‘मुलांच्या गोंगाटाने अभ्यासिकेला त्रास होतो’ हे तोंडी दिले गेलेले कारण मला पटत नाही, कारण गोष्टींचा तास आठवड्यातून एकदाच असतो, तोही ठरलेल्या वेळी, आणि त्या वेळी अभ्यासिकेतली बरीच मुले चहाला बाहेर पडलेली असतात. त्यांतले काही जण उलट आमच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसत. एकाने तर कोल्ह्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली की पुढच्या शनिवारी मुलांनी ‘तो दादा कुठे आहे’ म्हणून विचारले. या दोन गटांत भांडण नव्हते, ते आता कागदावर लावले गेले आहे. अभ्यासिकेचे मासिक शुल्क येते आणि सतरंजीवरच्या मुलांकडून काही येत नाही, हा खरा हिशेब असेल तर तो उघडपणे सभेत मांडावा. अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचा पगार भागत नाही, विजेचे बिल थकते, हे आम्हालाही माहीत आहे. त्यावर मार्ग काढायला सभासद मदत करतील. पण पैशाची अडचण मुलांच्या आवाजावर ढकलू नये.

तिसरी तक्रार कपाटांची. तास स्थगित झाला त्याच आठवड्यात मुलांच्या पुस्तकांची दोन्ही कपाटे जिन्याखाली हलवली गेली आणि त्यांना कुलूप लागले. किल्ली कार्यालयात असते आणि कार्यालय मुलांच्या वेळेत बंद असते. पूर्वी मुलांच्या उंचीला उघडी मांडणी होती. पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवलेली असत, कारण तीन वर्षांचे मूल पुस्तकाच्या कण्यावरचे नाव वाचून ते निवडत नाही. दरवर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि तिसरे ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे. ही सूत्रे आपल्याच प्रवेशद्वाराशी रंगवलेली आहेत. जिन्याखालचे कुलूप त्यांतल्या कोणत्या सूत्रात बसते, याचा खुलासा व्हावा.

चौथी तक्रार जुनी आहे आणि ती केवळ या मंडळाची नाही. मुलांसाठी पुस्तके घेताना गेली कित्येक वर्षे जास्तीत जास्त सवलत देणाऱ्याकडून गठ्ठ्याने संच घेतले जातात. दाखलनोंद वहीत संख्या वाढते, पण हाती येतात ती बारीक टाइपातली, प्रत्येक पानाखाली तात्पर्य असलेली, पहिल्याच हाताळणीत पाने सुटणारी पुस्तके. चार वर्षांखालच्या मुलाला दाखवावे असे चित्रमय पुस्तक त्या गठ्ठ्यात शोधूनही सापडत नाही. वास्तविक मराठीत आज अशी पुस्तके मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची पुस्तके स्वस्त आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तकांवर मन लावून काम केले आहे, आणि इतरही प्रकाशक आहेत. निवड करायला माणूस लागतो, तो आपल्याकडे आहे. फक्त पुस्तक निवड समितीच्या सभेला ग्रंथपालांना नुसते हजर ठेवून चालत नाही, त्यांना बोलू द्यावे लागते. बालविभागासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची साहाय्य योजना आहे. आपण त्यासाठी अर्ज केला आहे काय, हेही सभासदांना कळावे.

पाचवी गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. कार्यवाहांशी बोलताना ‘आता मोबाईलवर सगळी बालगीते मिळतात, त्यासाठी वाचनालय कशाला’ असे उत्तर मिळाले, आणि फारच गरज वाटल्यास सभागृहात एक टी. व्ही. लावून देण्याची तयारीही दाखवण्यात आली. यात दुष्टपणा नाही, गैरसमज आहे, म्हणून त्याचे उत्तर देते. पडद्यावरचे गाणे मुलासाठी थांबत नाही. आम्ही तिसऱ्या ओळीला गप्प बसलो म्हणून ती मुलगी बोलली. मोबाईल गप्प बसला असता तर तिने तो बिघडला असे समजून आईच्या हातात दिला असता. मूल चित्रातल्या मांजरीऐवजी कोपऱ्यातल्या मुंगीकडे बोट दाखवते तेव्हा सांगणारा मांजर सोडून मुंगीकडे वळतो, आणि बोलणे वाढते ते या वळण्यातून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाच्या मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, असे म्हटले आहे. मूल बसलेले असेल तेव्हा मोठ्या माणसाने त्याला पुस्तक वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, असेही त्याच सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. ज्या वाचनालयाने हा दुसरा भाग करायचा तेच पहिल्या भागाची सोय करून देऊ लागले, तर आयांनी कोणाकडे पाहायचे? आणि मोबाईल सर्वांच्या घरी आहे हे खरे असले तरी, वाचून दाखवणारे माणूस सर्वांच्या घरी नाही. म्हणून तर ती मुले शनिवारी आपल्याकडे येत होती.

या संदर्भात आणखी एक गोष्ट मांडते. मागच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर याच तासाचे छायाचित्र आहे. आत ‘बालविभाग उत्तम प्रकारे कार्यरत’ अशी नोंद आहे. पाहुणे आले की त्यांना ती खोली दाखवली जात असे, आणि मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण प्रवेशद्वारावर लावलेल्या फलकावर याच मुलांपैकी काहींची चित्रे होती. ज्यांची छायाचित्रे संस्थेच्या लौकिकासाठी वापरली, त्यांची खोली काढून घेताना त्यांच्या पालकांना निदान विचारायला हवे होते. पुढच्या अहवालात ‘बालविभाग’ या रकान्यात काय लिहिले जाणार आहे, याकडे माझे लक्ष राहील.

लहान मुले हे सार्वजनिक वाचनालयाचे कामच नव्हे, असे मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे मत असल्याचे कानावर आले. त्यांना मी आदरपूर्वक सांगू इच्छिते की हे मत जुन्यांचेही नव्हते. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि 1910 मध्ये त्यांनी ग्रंथालये उभारण्यासाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या काळी मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. साने गुरुजी 1950 मध्ये गेल्यानंतर त्यांच्या नावाने महाराष्ट्रभर कथामाला सुरू झाल्या, त्या मुलांना एकत्र बसवून गोष्टी सांगण्यासाठीच. आणि गुरुजींनी शिक्षक म्हणून नोकरी केली ती आपल्याच खानदेशात, अमळनेरला. युनेस्को आणि ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याची 2022 मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तीत मुलांच्या वाचनाच्या सवयी जन्मापासून जोपासणे हे ग्रंथालयाचे कार्य म्हणून नोंदवले आहे. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 2020 मध्ये तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला. म्हणजे बडोद्याच्या महाराजांपासून दिल्लीच्या धोरणापर्यंत सगळे एका बाजूला आहेत आणि आपण खोली रिकामी करून घेत आहोत.

सभासदसंख्या घटत चालल्याची चिंता दर वार्षिक सभेत व्यक्त होते. देवघेव विभागात आता बहुतांश पन्नाशीपुढचे चेहरे दिसतात, हे मीही पाहते, मी त्यांतलीच एक आहे. अभ्यासिकेतली मुले परीक्षा झाली की, आणि ती व्हावी अशीच आपली इच्छा आहे, गाव सोडून जातात. वाचनालयाचा पत्ता ज्याला लहानपणापासून पाठ आहे असा माणूस फक्त बालविभागातून तयार होतो. गेल्या उन्हाळ्यात आपल्या नोंदवहीत ज्या नव्या सभासदांची नावे चढली त्यांत गोष्टींच्या तासाला मुलांना आणणाऱ्या काही आया होत्या. मुलाला सतरंजीवर बसवून त्या स्वतःसाठी कादंबरी बदलून घेत. त्यांतल्या काहींनी आता येणे बंद केले आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

शनिवारी दुपारी चार ते पाच ही वेळ गोष्टींच्या तासासाठी पुन्हा राखून ठेवावी. खोली अभ्यासिकेला दिली असली तरी चालेल. तासाआधी खुर्च्या बाजूला घेणे आणि नंतर होत्या तशा मांडून देणे हे काम आम्ही स्वयंसेवक करू. त्या खोलीत ते अशक्यच असेल, तर वरच्या मजल्यावरचे सभागृह, जे महिन्यातले बहुतेक दिवस बंद असते, ते द्यावे. मात्र जिना चढताना लहान मुलांना धोका आहे, कठड्याच्या गजांतले अंतर जास्त आहे, तेवढी दुरुस्ती आधी करावी.

मुलांची कपाटे जिन्याखालून काढून कुलपाशिवाय, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. पुस्तके फाटतील ही भीती खरी आहे. ती फाटतात. त्यासाठी चिकटपट्टी आणि खळ लागते, कुलूप लागत नाही; फाटलेली पाने डकवण्याचे काम आम्ही आजवर केले आहे, पुढेही करू.

पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांना अनामत न घेता एका वेळी एक चित्रपुस्तक घरी नेण्याची परवानगी द्यावी. जिनिंगवर आणि बाजार समितीत काम करणाऱ्या कुटुंबांना अनामत रक्कम भरणे जमत नाही, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे मागितला जाणारा कागद त्यांच्या गावी असतो. काही पुस्तके परत येणार नाहीत. तो तोटा वर्षाकाठी किती झाला ते अहवालात लिहावे आणि सभेने ठरवावे की तो सोसवतो की नाही.

चालू वर्षाच्या ग्रंथखरेदीत बालपुस्तकांचा वाटा किती, हे जाहीर करावे; ती निवड ग्रंथपाल आणि हा तास चालवणाऱ्यांपैकी एक व्यक्ती यांच्या संमतीने करावी, आणि गठ्ठ्याने संच घेणे थांबवावे. अहिराणी आणि पावरी बोलणारी मुले आपल्याकडे येतात. त्या बोलींतल्या गोष्टी छापील स्वरूपात फारशा मिळत नसल्या तरी सांगणाऱ्या आज्या गावात आहेत. त्यांना महिन्यातून एकदा बोलावून त्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, ही मात्र मागणी नसून सूचना आहे.

आणि शेवटची मागणी अशी की बालविभागासंबंधीचा कोणताही निर्णय यापुढे सर्वसाधारण सभेत चर्चा झाल्याशिवाय अमलात आणू नये, आणि जूनच्या निर्णयाचे इतिवृत्त सभासदांना पाहायला मिळावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, यासाठी सभासदांच्या सह्यांचे वेगळे पत्र नियमाप्रमाणे मुदतीत देत आहोत. त्यावर अभ्यासिकेतील काही विद्यार्थ्यांच्याही सह्या आहेत, हे मुद्दाम कळवते. सभेपूर्वी मंडळाने आम्हाला चर्चेला बोलावले तर आम्ही आनंदाने येऊ, आणि सभेत उत्तर देण्याची वेळच येणार नाही. तोपर्यंत शनिवारी चार वाजता आम्ही वाचनालयाच्या बाहेरच्या ओट्यावर गोष्टी सांगणार आहोत. पावसाचे दिवस आहेत आणि ओट्यावर पत्रा नाही, तेव्हा निर्णय लवकर व्हावा ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद,
निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी